पांदण नकाशात काढताना

वडनेर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच. चांदवड तालुक्यात वडनेर भैरव, दर्यापूरकडे वडनेर गंगाई, मालेगावकडे वडनेर खाकुर्डी, आणि मलकापूर-नांदुरा रस्त्यावर वडनेर भोलजी. मोबाइलवर नुसतं 'वडनेर' टाकून निघालेला पाहुणा भलतीकडे पोचला, तर दोष नकाशाचा नाही. त्या अडचणीवर लोकांनी जोडनावाचा तोडगा कधीच काढून ठेवलाय.

यातल्या वडनेर भोलजीजवळच्या महामार्गापुरता मोबाइलवरचा नकाशा भरवशाचा. पूर्वीचा 6 क्रमांकाचा, आताचा 53 चा रस्ता, पेट्रोल पंप, ढाबे, पुढे नांदुऱ्याची 105 फुटी हनुमानमूर्ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला लागतं ते सगळं त्यात सापडतं. त्यातलं पुष्कळसं लोकांनीच फुकट भरलेलं. गूगलने 2008 मध्ये 'मॅप मेकर' काढून लोकांकडून रस्ते काढून घेतले, 2017 मध्ये ते बंद केलं. माहिती अर्थातच कंपनीकडे राहिली. 2004 मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा व्यवहार मला जास्त पटतो. तिथली माहिती कुणालाही वापरता येते. फुकटच राबायचं, तर गावकीसाठी राबावं.

खरी पंचाईत शिवारात शिरल्यावर. उपग्रहाची कामाला येणारी छायाचित्रं निरभ्र दिवसांची, म्हणजे बहुधा कोरड्या जमिनीची. त्यात ठळक दिसणाऱ्या वाटेवर आषाढात काळ्या मातीचा असा राडा होतो, की बैलगाडीही घालवत नाही. ही वाट कच्ची आहे, पावसाळ्यात बंद असते, एवढी नोंद करायला गावातलाच माणूस हवा.

त्याहून अवघड गोष्ट अतिक्रमणाची. सरकारी गाव नकाशावर पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, आहे. जागेवर दोन्ही बाजूंनी दरसाल नांगराचं एकेक तास सरकत तिची पायवाट झालेली, पुढे तर सरळ कपाशी उभी. उपग्रहाला कपाशीच दिसणार. ओपनस्ट्रीटमॅपचा दंडकही असाच: जागेवर आहे तेच काढा. दंडक शहाणपणाचाच आहे, नाहीतर परक्याची गाडी कपाशीत जायची. पण इथे त्याची साक्ष नांगर सरकवणाऱ्याच्या बाजूने पडते. मोबाइलवर रस्ता नाही म्हणजे रस्ताच नाही, असं उद्या कुणी तोंड वर करून म्हणेल. हक्काचं भांडण मोबाइलवर सुटायचं नाही. अडवलेल्या वाटेसाठी 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, बांधावरून नवी वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे.

मग गावच्या पोरांनी करावं काय? वाट जिथे तुटते तिथवरच काढावी. आणि आज ज्या पांदणी मोकळ्या आहेत त्या पेरणीआधीच नोंदवून टाकाव्यात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदलाची तारीख राहते. पुढे कुणी ती रेघ पुसली तरी ती कधी काढली आणि कधी पुसली, ते दिसतं. तहसीलदार ते पुरावा म्हणून धरतील की नाही, हा भाग वेगळा. पंचनामा जागेवरच होणार. पण पंचांसमोर 'इथे रस्ता कधी नव्हताच' असं छातीठोक म्हणणाऱ्याला थोडं अडखळावं लागेल.