शस्त्राच्या मोलाने शस्त्र

आपल्या मालकीच्या चार-सहा बंदुका विकून त्या पैशातून वर्षानुवर्षे मनात घर करून राहिलेली एकच बंदूक घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच तो सोडवताना विचारी माणसाचीही गल्लत होते. पहिला प्रश्न इच्छेचा आहे: अनेक वस्तू सोडून एकीचा ध्यास धरणे हे आसक्ती कमी होण्याचे लक्षण आहे की ती घट्ट होण्याचे? दुसरा प्रश्न सोडण्याचाच आहे: जी वस्तू हातातून सुटल्यावरही जीव घेण्याची आपली शक्ती जशीच्या तशी बरोबर नेते, ती दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याची जबाबदारी पैसे मोजून घेतल्याच्या क्षणी संपते काय? या विषयावरची बहुतेक चर्चा पहिल्या प्रश्नाभोवती फिरते. वास्तविक अधिक भार दुसऱ्यावर आहे.

हा पेच ज्या समाजात नित्याचा आहे तो अमेरिकी समाज होय. शस्त्र बाळगण्याचा अधिकार तेथे १७९१ साली संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीत नोंदला गेला, आणि शिकार, नेमबाजी व संग्रह या तिन्ही अंगांनी बंदूक तेथील अनेक कुटुंबांच्या जीवनात मिसळून गेली. मनातल्या त्या एका बंदुकीला तेथील संग्राहक ‘ग्रेल’ म्हणतात. हा शब्द मध्ययुगीन ख्रिस्ती आख्यायिकांतून आला असून, येशूने अखेरच्या भोजनात वापरले असे मानल्या गेलेल्या पवित्र पात्राचा तो वाचक आहे. राजा आर्थरचे सरदार त्या पात्राच्या शोधात बाहेर पडतात, पण लान्सलॉटसारख्या ख्यातकीर्त योद्ध्याला ते लाभत नाही, लाभते ते त्याच्या निर्मळ मनाच्या पुत्राला, गॅलहॅडला. शब्द उचलताना संग्राहकांनी शोधाची ओढ घेतली आणि पात्रतेची अट मागे ठेवली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील कायद्यालाही हा व्यवहार परिचित आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार बंदुकांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परंतु १९८६ च्या दुरुस्तीने, आपला वैयक्तिक संग्रह वाढवण्यासाठी किंवा छंद म्हणून अधूनमधून विक्री, अदलाबदल वा खरेदी करणाऱ्याला, तसेच आपला संग्रह अंशतः वा पूर्णतः विकणाऱ्याला, त्या व्याख्येतून वगळले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने असा माणूस व्यापारी नाही. नीतीच्या दृष्टीने तो कोण, हे त्यामुळे ठरत नाही.

इच्छेच्या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार जैन परंपरेत सापडतो. ‘परिग्रह’ म्हणजे वस्तू जवळ करणे, धरून ठेवणे. त्याच्या त्यागाला अपरिग्रह म्हणतात, आणि गृहस्थाला संपूर्ण त्याग शक्य नसल्यामुळे त्याच्यासाठी ‘परिग्रहपरिमाण’ हे अणुव्रत सांगितले आहे, ज्यात तो आपल्या मालमत्तेची मर्यादा आपणच ठरवून घेतो. या व्रताच्या निकषाने सहा बंदुकांची एक होणे ही उघड प्रगती दिसते. मात्र उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या संख्येने केलेली नाही. ती ‘मूर्च्छा’ या शब्दाने केली आहे, आणि मूर्च्छा म्हणजे वस्तूविषयीचे असे ममत्व की ज्यात माणसाचे भान हरपते. या व्याख्येपुढे वरची बेरीज-वजाबाकी टिकत नाही. सहा बंदुकांवर विखुरलेले मन एका बंदुकीवर गोळा झाले तर परिग्रह सहापट घटला असे नव्हे; पूर्वी पातळ असलेली मूर्च्छा आता दाट झाली, असेही घडू शकते. भारतातील २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. कायद्याला मोजता येते ते एवढेच, ममत्व त्याच्या मोजमापात बसत नाही. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात सीता रामाला जी कथा सांगते ती याच ठिकाणी उपयोगी पडते: एका तपस्व्याजवळ इंद्राने खड्ग ठेव म्हणून ठेवले, ठेव हरवू नये म्हणून तो ते सतत जवळ बाळगू लागला, कंदमुळे आणायला जातानाही ते सोबत नेऊ लागला, आणि त्या सहवासानेच हळूहळू क्रूर होत गेला. त्या तपस्व्याजवळ शस्त्र एकच होते, आणि तेही त्याचे स्वतःचे नव्हते.

याच्या अगदी उलट बाजूला मत्तयच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात येशूने सांगितलेला मोत्याचा दृष्टांत आहे, आणि आपल्या निर्णयाला आधार शोधणाऱ्या श्रद्धावंत संग्राहकाला तो आपलाच वाटावा, यात नवल नाही. उत्तम मोत्यांच्या शोधात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला एक अतिमोलाचे मोती सापडते, आणि तो जाऊन आपले सर्व काही विकून ते एक विकत घेतो. अनेकांचे मोल देऊन एक घेण्याची ही कृती दृष्टांतात निंदिलेली नाही. ती स्वर्गाच्या राज्याची उपमा म्हणून आली आहे. तरीही तिचा आधार येथे पुरत नाही, कारण दृष्टांतातले मोती हे साध्य आहे आणि बंदूक हे साधन आहे. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात पादत्राणाचे उदाहरण देऊन वस्तूचे दोन उपयोग सांगितले, एक पायात घालण्याचा आणि दुसरा विनिमयाचा, स्वप्नातल्या बंदुकीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा तिसराच उपयोग शिल्लक राहतो, तो म्हणजे नुसते पाहण्याचा. जी बंदूक झिजेल, तिची किंमत उतरेल या भीतीने कधी झाडलीच जात नाही, तिला अमेरिकी बोलीत ‘सेफ क्वीन’, म्हणजे तिजोरीतली राणी, असे नाव आहे. साधनाला त्याच्या कामापासून तोडून साध्याच्या आसनावर बसवणे, हा या व्यवहारातला खरा तात्त्विक घोटाळा आहे.

तथापि पाहण्याच्या आनंदाला तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. कोल्ट कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘पायथन’ या रिव्हॉल्व्हरचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. तिचे भाग कुशल कारागीर हाताने जुळवून बसवीत, पोलादाला खोल निळसर झिलई दिली जाई, आणि चाप ओढताना जाणवणारा गुळगुळीतपणा त्या जुळवणीतूनच येई. अशा वस्तूपुढे माणूस थांबतो तो केवळ लोभाने थांबत नाही, मानवी हाताने गाठलेल्या पूर्णतेला तो दाद देत असतो. परंतु याच बंदुकीच्या इतिहासात इच्छेची दुसरी बाजूही दिसते. हाताची जुळवणी महाग पडत गेली, या शतकाच्या आरंभी उत्पादन थांबले, आणि थांबताच जुन्या पायथनची किंमत चढत काही हजार डॉलरवर गेली. मग २०२० मध्ये कंपनीने अंतर्रचनेत बदल करून त्याच नावाची बंदूक सुमारे दीड हजार डॉलरला पुन्हा आणली. ज्यांनी दुर्मिळतेपोटी आपला संग्रह मोडला होता त्यांच्या हातातील वस्तू तीच राहिली, तिचे पोलाद तेच राहिले, पण ती मिळवण्यामागची निकड बरीचशी विरली. सौंदर्याची ओढ आणि ‘आता नाही तर कधीच नाही’ ही घाई या दोन वेगळ्या वृत्ती आहेत, आणि दुसरी बहुधा पहिलीचा वेश घेऊन येते.

जवळचे देऊन दूरचे शस्त्र घेणाऱ्याची मराठी वाचकाच्या ओळखीची सर्वांत मोठी कथा कर्णाची आहे. वनपर्वाच्या अखेरीस इंद्र ब्राह्मणवेशात येऊन जन्मजात कवचकुंडले मागतो. सूर्याने आधीच सावध केले असूनही कर्ण ती देतो, मात्र सूर्याच्याच सल्ल्याने मोबदल्यात इंद्राची अमोघ शक्ती मागून घेतो. महाराष्ट्रात ही कथा दानशूरतेची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे, कारण कर्णाचा हेतू व्रतपालनाचा होता, विक्रीचा नव्हता. पण घडलेल्या अदलाबदलीकडे तेवढ्यापुरते पाहिले तर तिचा आकार या प्रश्नाशी तंतोतंत जुळतो. त्याने जे दिले ते अंगाचे होते, दररोज आणि प्रत्येक शत्रूपासून रक्षण करणारे होते; त्याने जे घेतले ते एकदाच वापरता येणारे, एकाच शत्रूला मारून इंद्राकडे परत जाणारे होते. दिलेल्याचा गुण अनुभवाने ठाऊक होता, घेतलेल्याचा गुण एका कल्पिलेल्या प्रसंगावर, अर्जुनाशी व्हावयाच्या त्या एका भेटीवर अवलंबून होता. द्रोणपर्वातील रात्रियुद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली तेव्हा सैनिकांच्या आक्रोशापुढे कर्णाला तीच शक्ती त्याच्यावर सोडावी लागली, आणि भीमाच्या पुत्राच्या मृत्यूवर सारे पांडव शोक करीत असताना कृष्ण मात्र हर्षित झाला. जपून ठेवलेले शस्त्र ज्या क्षणासाठी जपले त्या क्षणी हाती नव्हते. बदकांच्या शिकारीत दरसाल उपयोगी पडणारी बारा बोअरची बंदूक, किंवा मुलांना नेम धरायला शिकवलेली पॉइंट टू-टू रायफल, जेव्हा एखाद्या कल्पित प्रसंगासाठी विकली जाते, तेव्हा विकणाऱ्याने हाच हिशेब मांडावयास हवा: जाणाऱ्या वस्तूचे मोल त्याच्या दिवसांत मुरलेले आहे, येणाऱ्या वस्तूचे मोल अद्याप त्याच्या मनातच आहे.

येथवरचा विचार तलवार, तैलचित्र वा सतार या कशालाही थोड्याफार फरकाने लागू पडेल. बंदुकीचा प्रश्न वेगळा होतो तो विक्रीपाशी. प्राचीन भारतीय परंपरांचे अनेक बाबतींत टोकाचे मतभेद आहेत, पण शस्त्राच्या व्यवहाराकडे त्यांनी सारख्याच धास्तीने पाहिले आहे. बौद्धांच्या अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत, आणि प्राणी, मांस, मद्य व विष यांच्याबरोबर त्यांत शस्त्र आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपत्काळी वाणिज्यावर जगणाऱ्या ब्राह्मणाने विकू नयेत अशा वस्तूंमध्ये शस्त्र आणि विष शेजारी-शेजारी येतात. जैन आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ‘अनर्थदंड’, म्हणजे निष्कारण घडणारे पाप, याचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतला एक ‘हिंसादान’ आहे: कुऱ्हाड, तलवार, अग्नी यांसारखी हिंसेची उपकरणे दुसऱ्याला देणे. येथे देणाऱ्याच्या मनात हिंसा असण्याची अट नाही, हे फार महत्त्वाचे आहे. वस्तूत जी शक्ती भरलेली आहे ती देण्याबरोबर जाते, आणि म्हणून देणारा तिच्यातून पूर्णपणे सुटत नाही, असा हा विचार आहे.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये न्यायाची चर्चा सुरू होते ती नेमकी येथून. वृद्ध सेफॅलसच्या बोलण्यातून ज्याचे त्याला परत देणे म्हणजे न्याय, अशी व्याख्या निघते, आणि सॉक्रेटिस विचारतो की मित्राने शहाणपणाच्या अवस्थेत ठेवायला दिलेली शस्त्रे तो वेडाच्या भरात मागू लागला तर ती द्यावीत काय. ज्या शस्त्रांवर मित्राचा पूर्ण हक्क आहे तीसुद्धा अशा वेळी देऊ नयेत, हे सर्वांना मान्य होते. मग ज्यांच्यावर खरेदीदाराचा हक्क अद्याप निर्माणच झालेला नाही त्यांच्याबाबत अधिक काय सांगावे? अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याला खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी लागते, परंतु एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात, खरेदीदार कायद्याने अपात्र आहे हे माहीत नसेल किंवा तसे मानण्यास सबळ कारण नसेल, तर ही तपासणी संघीय कायदा सक्तीची करीत नाही; कॅलिफोर्निया, कोलोराडो, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांनी मात्र ती खासगी विक्रीलाही लागू केली आहे. जेथे सक्ती नाही तेथे सॉक्रेटिसचा प्रश्न विकणाऱ्याच्या एकट्याच्या अंगावर येतो. तो प्रश्न केवळ गुन्हेगाराविषयी नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि निराशेच्या गर्तेत सापडलेल्या माणसाच्या नावावर कोणताही गुन्हा नसतो. त्याची ओळख पटते ती समोर बसून, बोलून, घाई न करता. स्वप्नातली बंदूक दुसऱ्या कोणी उचलण्याआधी रक्कम उभी करावयाची असेल तर नेमका हाच वेळ विक्रेत्याजवळ नसतो. इच्छेचा प्रश्न आणि जबाबदारीचा प्रश्न येथे एकमेकांना भिडतात: घाई इच्छेची असते, आणि तिची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागण्याचा संभव असतो. म्हणून ज्याला परवानाधारक विक्रेत्याच्या मध्यस्थीने, कमी पैसे पत्करून, सावकाश विकता येत नाही, त्याने विकू नये, आणि स्वप्न लांबणीवर पडले तर पडू द्यावे, असे स्पष्टपणे म्हणावयास हवे.

वारशाने आलेल्या शस्त्राविषयी थोडेच सांगावे लागते. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते, ती त्यांच्या बाजारभावाची नसते. आजोबांची बंदूक विकताना विकणारा पुढच्या पिढीचीही काही ठेव मोडत असतो, एवढे भान त्याला असले म्हणजे पुरे.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव राज्य, अलंकार, सर्व काही टाकून वल्कले नेसून निघतात, पण अर्जुन गांडीव आणि दोन अक्षय भाते सोडत नाही. आणि महाकाव्य त्याचे कारण ‘रत्नलोभ’ या एका शब्दात, काहीही न लपवता, नोंदवते. त्याआधी मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांचे रक्षण करताना हेच धनुष्य त्याला मोठ्या कष्टाने चढवावे लागले होते, अस्त्रे आठवली नव्हती, बाण संपले होते. म्हणजे कामाचे न उरलेले शस्त्र तो केवळ त्याच्या असण्यासाठी वाहत होता. समुद्राच्या काठी अग्नी वाट अडवून उभा राहतो आणि सांगतो की हे धनुष्य आपण वरुणाकडून आणले होते, त्याचे कार्य झाले, आता ते वरुणाला परत द्यावे. भाऊही तेच सुचवतात, आणि अर्जुन धनुष्य व भाते पाण्यात सोडतो. त्या शस्त्राचा पुढचा धारक कोण, हे अर्जुनाला निश्चित ठाऊक होते. आजच्या विक्रेत्यापुढे बहुधा एक अनोळखी माणूस उभा असतो, हातात रोख रक्कम घेऊन, आणि त्याला काय विचारायचे हे त्या विक्रेत्यालाच ठरवायचे असते.