चारशे डॉलरची परतफेड

माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते त्या दिवशी दिघीचा रस्ता आम्हा राहणाऱ्यांचा नसतो. मॅगझिन चौकापासून विश्रांतवाडीपर्यंत नुसत्या पताका आणि टाळ. चाकणच्या कंपन्यांच्या बस दुसऱ्या वाटेनं वळवतात. आमच्या शेजारची मुलगी तिकडे एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. तिच्या जपानी साहेबांनी तिला विचारलं, इतक्या लोकांच्या जेवणाचा खर्च कोण करतं? ती म्हणाली, वाटेवरची गावं अन्नदान करतात, पण दिंडीचा हिशोब दिंडीचाच. वारकरी भिशी भरतात. साहेबांनी ‘भिशी’ हा शब्द तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला आणि वहीत लिहिला.

तिनं हे सांगितलं तेव्हा मला साप्पोरोचं चर्च आठवलं.

1873 च्या फेब्रुवारीत जपान सरकारनं ख्रिस्ती धर्मबंदीचे फलक उतरवले आणि जूनमध्ये रॉबर्ट मॅक्ले हे अमेरिकन मेथडिस्ट पाळक योकोहामाला पोहोचले. त्याआधी वीसहून अधिक वर्षं ते चीनमध्ये फूचौला होते. त्यांच्यामागून आलेले तरुण पाळक मेरिमन हॅरिस उत्तरेला हाकोदातेला गेले. साप्पोरोच्या शेतकी कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांना 2 जून 1878 रोजी त्यांनीच बाप्तिस्मा दिला. त्यांत उचिमुरा कान्झो होते, निटोबे इनाझो होते.

ही मुलं एका बाकावर शिकलेली, एका खोलीत प्रार्थना करणारी. पण कॉलेज संपेपर्यंत त्यांच्यातले काही मेथडिस्ट तर काही अँग्लिकन झाले होते. हे भेद इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या भांडणांतून आलेले. साप्पोरोच्या बर्फात त्यांचं काय काम? त्यांनी ठरवलं की आपण एकच, स्वतंत्र मंडळी काढायची. अडचण पैशाची होती. चर्चसाठी मेथडिस्ट मिशननं चारशे डॉलर दिले होते, आणि वेगळं व्हायचं म्हटल्यावर मिशननं ते परत मागितले. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांना ही रक्कम डोंगराएवढी. तरी पोटाला चिमटा घेऊन 1882 च्या अखेरीस त्यांनी ती फेडली.

मला या परतफेडीत राग दिसत नाही. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, पण पैसा त्याचा असतो तोवर निर्णयही त्याचाच असतो, हे त्या विशीतल्या पोरांना कळलं होतं. मेथडिस्टांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. 1870 च्या दशकातच विल्यम टेलर मुंबई-पुण्यात मेथडिस्ट मंडळ्या उभ्या करत होते, आणि मंडळीनं आपला खर्च आपणच भागवावा, मिशन बोर्डाकडे हात पसरू नये, हा त्यांचा आग्रहच होता. फक्त त्या मंडळ्या मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांच्या होत्या. इंग्रजी येणाऱ्यानं स्वावलंबी व्हावं आणि जपान्यानं किंवा मराठी माणसानं आधी वर्षानुवर्षं शिकाऊच राहावं, ही समजूत मला पैशापेक्षा जास्त खुपते.

हॅरिस यांचं जपानवर प्रेम होतं. सॅन फ्रान्सिस्कोत स्थलांतरित जपान्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, पुढे जपान आणि कोरियाचे बिशप झाले, 1921 मध्ये टोकियोतच वारले. पण हे प्रेम इतकं वाढलं की जपाननं कोरिया गिळला तेव्हा ते जपानच्या राजवटीची बाजू घेत राहिले. ते कोरियाचेही बिशप होते! एका माणसावर जीव जडला की त्याच्या शेजाऱ्याचं रडणं ऐकू येईनासं होतं. धर्मप्रसारकांविषयी लिहिताना आपण त्यांच्या द्वेषाची चौकशी करतो. त्यांच्या मायेचीही करायला हवी.

उचिमुरांचा जन्म 1861 चा. नारायण वामन टिळकांचाही. टिळकांचं मिशन मेथडिस्ट नव्हे, अमेरिकन मराठी मिशन. पण कोडं तेच. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलेला हा कवी ओवी-अभंग-कीर्तनातून बोलत राहिला आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यानं ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसणार होते. उचिमुरांनीही पुढे चर्चच्या चौकटीबाहेरची उपासना सुरू केली. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. टिळकांना पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. हे मला अजून हळहळायला लावतं.

मेथडिस्टांपुरतं बोलायचं तर 1907 मध्ये जपानमधल्या तीन मेथडिस्ट मिशनांची एक जपानी मंडळी झाली आणि होंडा योइत्सु तिचे पहिले बिशप झाले. भारतात पहिला भारतीय मेथडिस्ट बिशप निवडला गेला 1930 मध्ये: जसवंतराव चितांबर, उत्तरेत वाढलेले, मूळच्या मराठी घराण्यातले. दोन तारखांमधलं अंतर तेवीस वर्षांचं. जपान स्वतंत्र देश होता आणि आपण नव्हतो, हे त्याचं एक कारण असणारच.

त्या रात्री मी शेजारच्या मुलीला साप्पोरोची गोष्ट सांगितली. ते चर्च अजून आहे, आणि त्याच्या नावात ‘दोकुरित्सु’, म्हणजे स्वतंत्र, हा शब्द आहे, एवढं मला माहीत होतं. तिनं गणिताची चौकटींची वही ओढली, पेन्सिलनं दोन चिन्हं काढली आणि एकेकावर बोट ठेवलं. “काका, हे पहिलं म्हणजे एकटा. आणि हे दुसरं म्हणजे उभं राहणं.” दुसऱ्याची खालची आडवी रेघ वाकडी आली होती. ती खोडून तिनं पुन्हा ओढली.