परतीचे दोर कोणाचे?

महानगरातील कुटुंबाने एखाद्या लहान, ग्रामीण वळणाच्या गावात कायमचे राहायला जावे की नाही, हा प्रश्न अनेक मध्यमवर्गीय घरांत गांभीर्याने विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा जमाखर्च मांडून शोधले जाते. जमेच्या बाजूला स्वच्छ हवा, कमी खर्च आणि निवांतपणा असतो. खर्चाच्या बाजूला रुग्णालयाचे अंतर, शाळांच्या मर्यादा आणि वारंवार जाणारी वीज असते. हा हिशेब निरुपयोगी म्हणता येणार नाही. मात्र गाव ही पारखून घ्यायची वस्तू आहे आणि कुटुंब एकमुखाने निर्णय घेते, ही दोन गृहीतके त्याच्या मुळाशी असतात आणि ती तपासली जात नाहीत. गावात आधीपासून माणसे राहत असतात, कुटुंबातही प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते, आणि एकाने केलेल्या निवडीची किंमत पुष्कळदा दुसऱ्याला मोजावी लागते. म्हणून ते गाव मानवेल का, या प्रश्नाच्या आधी त्या निर्णयामुळे कोणाचा परतीचा मार्ग बंद होणार आहे आणि कोणाचा खुला राहणार आहे, हे पाहणे नीतीच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

हा विचार हवेत राहू नये यासाठी दापोली, गुहागर, लांजा, देवरुख, कुडाळ अशा कोकणातील तालुक्याच्या गावांकडे पाहणे उपयुक्त आहे. त्यांचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. नगरपंचायत म्हणजे ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेकडे जाणाऱ्या क्षेत्रासाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने मान्य केलेली स्थानिक संस्था; अशा गावाला ग्रामसभा उरलेली नसते आणि शहराची यंत्रणाही पुरती मिळालेली नसते. ज्या प्रदेशात ही गावे आहेत, तेथून माणसे बाहेर जाण्याची परंपरा जुनी आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर राज्याचे प्रमाण ९२९ होते. पुरुषांनी मुंबईत चाकरी करायची आणि स्त्रियांनी व वृद्धांनी घर, शेत आणि देव सांभाळायचे, ही चाकरमानी व्यवस्था या आकड्यांत स्पष्ट दिसते. अशा प्रदेशात कोणी राहायला येतो म्हटल्यावर त्याचे स्वागतच व्हायला हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि माणसांची संख्या वाढल्याने गाव आपोआप सबळ होत नाही.

याचे कारण समजून घेण्यास अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेली संकल्पना साहाय्यभूत ठरते. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात : तिला सोडून जाणे, ज्याला 'निर्गमन' म्हणता येईल, किंवा तिच्यात राहून तक्रार, आग्रह व सहभाग यांद्वारे सुधारणा मागणे, ज्याला त्याने 'आवाज' म्हटले. निर्गमन सोपे झाले की आवाज क्षीण होतो, कारण ज्यांना गुणवत्तेची सर्वाधिक चाड असते तेच पहिल्यांदा बाहेर पडतात. नायजेरियातील रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा असूनही ती सुधारली नाही, याचा उलगडा त्याने असाच केला : सर्वाधिक तक्रार करू शकले असते ते ग्राहक मालमोटारींकडे वळले आणि रेल्वेला जाब विचारणारे कोणी उरले नाही. 'निष्ठा' हा या मांडणीतील तिसरा घटक असून ती निर्गमन काही काळ थोपवते आणि आवाजाला अवसर देते.

ही मांडणी लहान गावात आलेल्या सुस्थित कुटुंबाला लावली, तर एक विसंगती उघड होते. या कुटुंबाचे उत्पन्न संगणकाच्या तारेने दूरच्या शहराशी बांधलेले असते, उपचार मुंबई-पुण्याला होतात, मुले वाहनाने लांबच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, पाणी स्वतःच्या बोअरचे आणि वीज गेली तर इन्व्हर्टर असतो. म्हणजे शरीराने गावात राहूनही प्रत्येक सार्वजनिक सेवेतून ते आधीच बाहेर पडलेले असते. शांतता, स्वस्ताई आणि निसर्ग हे गावाचे लाभ त्याच्या वाट्याला येतात, गावाच्या उणिवा मात्र त्याला शिवत नाहीत, आणि ज्या उणिवा शिवत नाहीत त्यांच्याविषयी आवाज उठवण्याचे कारणही उरत नाही. याचा अर्थ आजारी माणसाने जवळच्या अपुऱ्या दवाखान्यातच पडून राहावे असा नाही. जिवावर बेतले असता निर्गमन हाच विवेक असतो. मात्र बाहेर पडण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्याने ती सोय नसलेल्यांसाठी बोलण्याचे दायित्वही स्वीकारावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सहभागाची काही दारे तर सदस्यत्वाशिवाय उघडतच नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली जाते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य विद्यार्थ्यांचे पालक असतात. ज्याचे मूल त्या शाळेत नाही, त्याला पालक म्हणून त्या समितीत स्थान नाही, मग शिक्षणाविषयीची त्याची तळमळ कितीही खरी असो. मतदार म्हणूनही माणसाचे नाव एकाच ठिकाणी असू शकते. ते शहरातच ठेवायचे आणि गावातील रस्ते, कचरा व पाणी यांविषयी मात्र गप्पांच्या बैठकीत नाराजी व्यक्त करत राहायचे, ही निष्ठेची लक्षणे मानता येणार नाहीत.

घराच्या आतही हीच कसोटी लागू पडते, आणि तेथे ती अधिक कठोर होते. गावाकडे जाण्याची ओढ पुष्कळदा घरातील एकाच व्यक्तीला असते आणि बहुधा तिचेच काम सर्वाधिक सहजतेने हलवता येते. उलट रुग्णालयात, महाविद्यालयात किंवा कारखान्यात नोकरी करणाऱ्या जोडीदाराला नवे गाव म्हणजे अनेक वर्षांच्या कामाचा शेवट ठरू शकतो. हृदयविकार असलेल्या सासू-सासऱ्यांना तज्ज्ञ डॉक्टरपासून काही तास दूर जावे लागते, आणि चौदा वर्षांच्या मुलीला मैत्रिणी, ग्रंथालय व एकटीने बसने हिंडण्याचे स्वातंत्र्य सोडावे लागते. सिंहगडाच्या प्रसिद्ध आख्यायिकेत सूर्याजीने परतीचे दोर कापले, तेव्हा तो स्वतः गडावरच होता आणि मावळ्यांइतकाच अडकलेला होता. त्याच्या कृतीला नैतिक बळ मिळते ते यामुळे. स्वतःचा दोर शाबूत ठेवून जोडीदाराचा, मुलांचा किंवा आईवडिलांचा दोर कापणाऱ्याला त्या पराक्रमाचा वारसा सांगता येत नाही. 'सगळ्यांच्या भल्यासाठी' या शब्दांत मांडलेला निर्णय प्रत्यक्षात कोणाच्या सवडीने घेतला गेला, हे कुटुंबाने निःसंकोचपणे तपासले पाहिजे, आणि ज्याचे सर्वाधिक जाणार आहे त्याच्या शब्दाला सर्वाधिक वजन दिले पाहिजे.

जमिनीच्या व्यवहारात हा विचार आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण कोकणातील जमिनीवर इतिहासाचे अनेक थर आहेत. खोत, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये राहून सारा वसूल करणारा वतनदार, या व्यवस्थेविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि पुढे कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. त्याच १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीविना शेतजमीन विकण्यास मनाई करते, आणि त्यामागे कसणाऱ्याच्या हातून जमीन जाऊ नये ही चिंता आहे. एखाद्याच्या नावावर व्यवहार करून किंवा कागदोपत्री शेतकरी बनून या कलमाला बगल देणारा माणूस नुसता नियम मोडत नाही, तर दीर्घ संघर्षातून मिळालेले संरक्षणही पोखरतो. शिवाय सातबारा उताऱ्यावर, म्हणजे मालकी, वहिवाट व पिके यांची नोंद करणाऱ्या महसुली कागदावर, कित्येकदा सामायिक हिस्सेदारांची लांबलचक यादी असते. मुंबईत स्थायिक झालेल्या दोन भावांच्या सह्या घेऊन, गावात जमीन राखत राहिलेल्या विधवा चुलतीला अंधारात ठेवून झालेली खरेदी पुढे कोर्टात कदाचित टिकेलही, पण शेजारधर्माची सुरुवात तेथेच बिघडते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती डावलणे अन्यायाचे होईल. ज्या वृद्धाची मुले परतणार नाहीत, त्याला आपली जमीन चांगल्या भावाने विकण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि बाहेरच्या पैशामुळे गवंडी, सुतार व दुकानदार यांना काम मिळते. मात्र त्याच भावामुळे गावातच राहू इच्छिणाऱ्या तरुणाला चार गुंठे जागा परवडेनाशी होते, हेही तितकेच खरे आहे. पाण्याचेही असेच आहे : वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही जांभ्याच्या सच्छिद्र भूस्तरातून आणि तीव्र उतारावरून पाणी निघून जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी नव्या बंगल्याची खोल बोअर आणि त्यावर जोपासलेली हिरवळ यांचा भार शेजारच्या विहिरीवर पडू शकतो. म्हणून पागोळ्यांचे पाणी साठवणे, ते जमिनीत मुरवणे आणि उन्हाळ्यात आपला वापर आवरणे हे येथे शेजारधर्मातच मोडते.

लहान गावाच्या आपलेपणाचे गोडवे गाताना तो आपलेपणा कोणाच्या वाट्याला येतो, हेही विचारावे लागते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्याच्या आदर्शीकरणावर कठोर टीका केली आणि तेथील संकुचितपणा व अज्ञान यांवर बोट ठेवले. गावकीतील मानपान, पालखीपुढचा क्रम, वाड्यांची जातनिहाय रचना आणि घर भाड्याने देण्यापूर्वी आडनावावरून होणारी चाचपणी यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना शहरातील अनोळखीपणा ही उणीव न वाटता मोकळीक वाटते. एकट्या राहणाऱ्या स्त्रीचेही अनेकदा तसेच असते. अशा व्यक्तीने शहर सोडण्यास नकार दिला, तर तिच्यावर मातीशी नाळ तुटल्याचा ठपका ठेवणे क्रूरपणाचे होईल. दुसरीकडे, ज्याला आपल्या जातीमुळे गावात सहज मान मिळणार आहे, त्याने तो मान मुकाट्याने स्वीकारायचा की नाही, याचा निर्णय जाण्याआधी करावा. १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला जाण्यापूर्वी महात्मा गांधींनी गावकऱ्यांना आपण अस्पृश्यता मानत नाही हे स्पष्टपणे सांगितले होते. गावाशी जुळवून घ्यायचे म्हणजे गावाच्या प्रत्येक रूढीला मान तुकवायची, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग बाहेरून येणाऱ्याने गावात कसे यावे? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्याच्या गावी गेले, तेव्हा त्यांच्यापाशी वैद्यकशास्त्राचे उच्च शिक्षण होते. परंतु लोकांची निकड औषधांपेक्षा पाणी आणि अन्न यांची आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी त्या निकडीलाही आपल्या कामात स्थान दिले, आणि पुढे खेड्यांतील स्त्रियांना, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. प्रत्येक स्थलांतरिताने समाजकार्याचे असे व्रत घ्यावे, ही मागणी अवास्तव ठरेल. तथापि आपल्याला काय देता येते हे ठरवण्याआधी तेथे काय हवे आहे ते ऐकून घेणे, हा त्या उदाहरणातील भाग सामान्य माणसाच्याही आवाक्यातला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हजारो चाकरमानी कोकणात परतले, तेव्हा मुंबईहून आलेल्यांना शाळांतून विलगीकरणात ठेवावे लागले आणि आपलीच माणसे दाराशी आल्यावर आनंद मानावा की धास्ती, अशा पेचात अनेक गावे सापडली. परतणाऱ्यांचा हक्क खरा होता आणि मर्यादित आरोग्यव्यवस्थेवर विसंबून असलेल्या वृद्ध गावकऱ्यांची भीतीही खरी होती. गाव म्हणजे संकटकाळचा आसरा एवढेच नाते राखले असेल, तर तो आसरा सांभाळणाऱ्यांच्या मनात किंतु निर्माण होणे अस्वाभाविक नाही.

या साऱ्या विवेचनातून निघणारा निकष असा मांडता येईल : जाणाऱ्याने स्वतःचा एक तरी दोर स्वतःच्या हाताने कापावा, मग तो मतदार यादीतील नावाचा असो, मुलाच्या शाळेचा असो किंवा दैनंदिन उपचारांचा, आणि घरातल्यांचा वा गावातल्यांचा एकही दोर त्यांच्या संमतीशिवाय कापू नये. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर घर भाड्याने घेऊन, एक मे महिना आणि एक जुलै महिना तेथे काढून, मुक्काम तात्पुरता आहे हे उघडपणे सांगून राहावे. त्यात फसवणूक नाही आणि परत फिरावे लागले तर पराभवही नाही. पाहुणा म्हणून जाण्यात काहीच कमीपणा नसतो. पाहुणा राहून घरच्याचा हक्क सांगण्यात तो असतो.