शंका कुठवर?

सरकारी दाखला मिळाला म्हणजे विमान सुरक्षित ठरलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो दाखला वाचलेला नसतो. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला मिळतो तो ‘प्रायोगिक’ वर्गातला दाखला. त्यासाठी निम्म्याहून अधिक काम हौसेने किंवा शिकण्यासाठी, स्वतःच्या हातांनी केलेलं असावं लागतं. आत चढायच्या जागेपाशी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द किमान २ इंच उंच अक्षरांत लिहावा लागतो. शिवाय बसणाऱ्याला दिसेल अशी पट्टी लावावी लागते: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. म्हणजे सरकार सही करतं आणि त्याच सहीने हात झटकतं. मला ही पद्धत आवडते. तिच्यात खोटेपणा नाही.

मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये पाना हातात धरायला शिकलो, पुढे ओहायोत आलो आणि मेकॅनिकच्या लायसनवर आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर हौशी बांधणाऱ्यांची विमानं बघायला जातो. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेल्या ईएए या संघटनेत आमच्यासारख्यांना ‘टेक्निकल काउन्सेलर’ म्हणतात. लोकांच्या गॅरेजमध्ये जायचं, बघायचं, दिसेल ते सांगायचं, चहा प्यायचा आणि पैसे घ्यायचे नाहीत. दाखल्यावर सही करण्याचा अधिकार आम्हाला नाही. ती सही एफएएचा, म्हणजे सरकारी विमान खात्याचा, निरीक्षक करतो, किंवा त्यांनी नेमलेला, फी घेऊन येणारा प्रतिनिधी. तो काही तासांसाठी येतो. सगळी झाकणं काढून ठेवलेली असतात. नोंदणीचे कागद, वजनाचा तक्ता, कोरलेली पोलादी पाटी आणि बांधणीची वही बघून तो आत टॉर्च मारतो. कित्येक वर्षं चाललेलं काम काही तासांत तपासता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. बांधणाऱ्याने स्वतः नीट बघितलंय का, एवढंच तो मुख्यतः बघतो.

अलीकडे ज्या विमानाकडे मी जात होतो ते मूळच्या साताऱ्याच्या, व्यवसायाने सॉफ्टवेअरवाल्या माणसाचं. ओरेगॉनच्या व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-९ए, दोन आसनांचं, पुढे नवंकोरं लायकमिंग ओ-३२० इंजिन. काम देखणं होतं. रिव्हेट एका ओळीत, वायरींवर चिठ्ठ्या, प्रत्येक नटावर लाल रंगाची रेघ. ही रेघ नट ठरलेल्या जोराने आवळल्यावर ओढायची असते. नट पुढे कधी हलला तर ती तुटलेली दिसते. उजव्या पंखात, एलेरॉनच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीच्या, दांड्याजवळच्या एका छोट्या बोल्टवरही ती होती, अगदी सरळ. मी रेंच लावला. ३/१६ इंचाच्या त्या बोल्टवरच्या नटाला साधारण २० ते २५ इंच-पौंड जोर हवा. तो बोटाने फिरला. शेजारचे दोन आवळून झाले होते. रंगाची नळी हातात असताना तिसऱ्यावरही रेघ गेली असावी. तो ओशाळला, पण मला त्यात त्याचा मोठा दोष वाटला नाही. ज्याने काम केलं त्याला आपण करायचं ठरवलेलं काम दिसतं, झालेलं काम दिसत नाही.

इथे मला माझे मामा आठवतात. मे महिन्याच्या सुट्टीत ते आम्हा भाच्यांना न्यायशास्त्राचं तर्कसंग्रह हे पुस्तक शिकवायचे. आम्हाला त्यात गोडी नव्हती, पण एक गोष्ट आवडायची. शंकराचार्य मंडनमिश्रांचं घर शोधत गावात शिरतात आणि वाट विचारतात. उत्तर मिळतं: ज्या दारी पिंजऱ्यातले पोपट ज्ञानाचं खरेपण आतून येतं की बाहेरून यावर वाद घालत असतील, ते घर त्यांचं. पोपटांचं आम्हाला हसू यायचं. पुढे साठीनंतर कळलं की हँगरमधला सगळ्यात जुना वाद तोच आहे.

खरेपण आतून येतं म्हणणारे ते मीमांसक. ते म्हणतात, ज्ञान झालं की ते खरं मानूनच चालायचं. त्याला खोटं पाडणारं काही पुढे आलं तर सोडायचं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणतात, नाही, ज्ञान खरं की खोटं हे त्याच्या बाहेरच्या कशावरून तरी ठरतं, आणि मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती फळली की नाही यावरून. समोर दिसलं ते पाणीच होतं, हे तहान भागल्यावर कळतं. यावर मीमांसक विचारतात, मग तहान भागली या ज्ञानाची खात्री कशावरून? आणि त्या खात्रीची? याला शेवट नाही, ही अनवस्था आहे.

ही अनवस्था मला रोज भेटलेली आहे. बोल्ट घट्ट आहे हे रेंच सांगतो. रेंच बरोबर आहे हे त्याचं कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट सांगतं. ते देणाऱ्या प्रयोगशाळेचं माप आणखी वरच्या मापाशी ताडलेलं असतं. आणि मी तपासलं हे खरं, पण मला कोण तपासणार?

विमान बांधणाऱ्याने मीमांसक होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘खोटं ठरेपर्यंत खरं’ हे बांधणाऱ्याच्या मनाला फार सोयीचं पडतं, आणि खोटं ठरण्याची जागा हजार फुटांवर असू शकते. म्हणून दुसरे डोळे हवेत, आणि परीक्षा बाहेरून हवी. इंधन पुरेसं वाहतं का? चढतानाच्या कोनात नाक वर करून, नळी सोडवून, बादलीत मोजायचं. पंपावर चालणाऱ्या यंत्रणेत उड्डाणाच्या वेळी लागतं त्याच्या सव्वापट तरी आलं पाहिजे. एलेरॉन उलटे जोडलेले नाहीत ना? विमान वळवायच्या दांड्यावर मूठ धरून अंगठा वर करायचा, दांडा डावीकडे न्यायचा. अंगठा ज्या बाजूला दाखवतो त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. पोरखेळ वाटतो, पण उलट्या जोडणीने अनुभवी माणसांचे जीव गेलेले आहेत.

पण नैयायिकाची वाट शेवटपर्यंत जमिनीवर चालता येत नाही. नव्या इंजिनात पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीवर बसाव्या लागतात, आणि त्या बसतात भरपूर ताकद लावून चालवल्यावर. जमिनीवर मंद गतीने तासन् तास इंजिन चालवून ‘खात्री’ करत बसलात तर भिंती गुळगुळीत होतात, कड्या नीट बसत नाहीत, इंजिन पुढे तेल पीत राहतं. धावपट्टीवर पुन्हा पुन्हा वेगाने पळवून बघण्याचंही तेच. ब्रेक तापतात, आणि एखाद्या वेळी विमान चालवणाऱ्याच्या मनात नसताना उचललं जातं. एका मर्यादेपुढे खात्री करणंच विमानाला बिघडवतं. हे मी कोणत्याही ग्रंथात वाचलं नसतं तरी लायकमिंगने शिकवलं असतं.

ही मर्यादा कुठली, याचं उत्तर उदयनाचार्यांनी हजार वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजलीत देऊन ठेवलंय. शंकेची हद्द तिथे, जिथे ती तुमच्या स्वतःच्या वागण्याला छेद देते. धूर अग्नीमुळेच होतो का, अशी शंका घेणारा धूर हवा असला की विस्तवच पेटवतो. मग ती शंका खरी नाही. पुढे श्रीहर्षाने त्यांच्यावर हाच युक्तिवाद उलटवला: विरोध आहे म्हणता, म्हणजे शंका आहेच की! श्रीहर्ष हुशार होता यात वाद नाही. पण हँगरमध्ये मला उदयन हवा. माझी कसोटी त्यांच्याहून ढोबळ आहे. कोणी म्हणालं, “काका, मला अजून भीती वाटते,” की मी विचारतो, “कुठल्या नटाची?” नट सांगता आला तर झाकण उघडायचं, पाऊस असो की रात्र. सांगता आला नाही तर ती शंका नसते, भीती असते. भीती असू द्यावी, पण तिच्यासाठी झाकणं उघडू नयेत. प्रत्येक उघडझाकीत एक स्क्रू चुकायची नवी संधी असते.

त्या सॉफ्टवेअरवाल्याची आई साताऱ्याहून आलेली होती. तिने मला विचारलं, “भाऊ, तुम्ही सगळं बघितलंय ना? मग खात्री आहे म्हणा की.”

मी म्हणालो, “जेवढं बघता येतं तेवढं बघितलंय.”

“म्हणजे नाही,” ती म्हणाली.

बाई शाळा फारशी शिकलेल्या नाहीत, पण वादात मला त्यांनी एका वाक्यात बसवलं. मग मी जरा शास्त्र सांगितलं. नैयायिक म्हणतात की ज्या जातीचं ज्ञान पूर्वी खरं ठरलंय, त्याच जातीचं नवं ज्ञान कृतीच्या आधीही खरं मानता येतं. व्हॅन्सची हजारो विमानं जगभर उडतात. म्हणजे आराखड्याची खात्री मागच्यांनी करून ठेवली आहे. पण कारागिरीची खात्री वारशाने मिळत नाही. या पंखातला हा बोल्ट आजवर कुणी उडवलेला नाही. अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास केला. इंजिनाची ताकद जाणं आणि ताबा सुटणं ही त्यातली मुख्य कारणं, आणि अपघातांचा मोठा वाटा विमानाच्या आयुष्यातल्या सुरुवातीच्या तासांचा. हे मात्र मी त्या माउलीला सांगितलं नाही.

तिला नारळ फोडायचा होता, तोही प्रोपेलरच्या पुढ्यात. मी नाही म्हणालो. करवंटीचा तुकडा फिरत्या पात्यावर आदळला तर धारेला खाच पडते, आणि खाचेतून चीर वाढते. नारळ कुंपणापाशी, गवतात फुटला. यावर इथल्या आमच्या मराठी मंडळात कुजबुज झाली की काका नास्तिक आहेत. मी नास्तिक नाही. मुंबईच्या हँगरमध्ये खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करायचो आणि मी ती मनापासून करायचो. पूजेला सगळी हत्यारं मांडायची, म्हणजे आधी ती पुसायची आणि मोजायची. एखादा पाना कमी भरला तर आरती थांबायची. तो कुठल्या इंजिनात राहिलाय हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या पूजेत देव आणि तपासणी यांचं भांडण कधी झालं नाही. भांडण होतं ते तपासणीची जागा देवाला दिली की. कॉटर पिन देवाकडे मागू नये. ती लावून झाल्यावर जे उरतं ते खुशाल मागावं.

याच मंडळात गणपतीच्या दिवसांत कोणी ना कोणी शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवल्याचा विषय काढतोच. १८९५, चौपाटी, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं. मी अभिमानाच्या आड येत नाही, फक्त लॉगबुक मागतो. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानतं, पण शब्द आप्ताचा हवा, म्हणजे ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची आहे त्याचा. चौपाटीच्या उड्डाणाची तशी नोंद पुढे आलेली नाही. ज्या वैमानिकशास्त्र ग्रंथाचं नाव त्याला जोडलं जातं, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्यांना मराठी माणसाने बांधलेल्या विमानाचा अभिमान हवा, त्यांनी कॅप्टन अमोल यादवांकडे बघावं. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाच्या नोंदणीसाठी त्यांना २०१७ पर्यंत आणि उडवायच्या परवान्यासाठी २०१९ पर्यंत थांबावं लागलं, आणि ते थांबले.

साताऱ्याच्या गड्याचं विमान पहिल्यांदा उडालं ते वारा पडलेल्या एका सकाळी, आणि नीट उतरलं. नैयायिक म्हणेल, कृती फळली, ज्ञान सिद्ध झालं. मी तेवढं म्हणत नाही. त्या दिवशीच्या वजनाला, त्या दिवशीच्या हवेत, एक माणूस आत असताना ते उडालं, एवढंच सिद्ध झालं. पूर्ण वजनाला ते कसं वागतं, उन्हाळ्याच्या दुपारी इंजिन किती तापतं, कोणत्या वेगाला पंखाची पकड सुटते, हे सगळं बाकी आहे. म्हणून दाखल्यासोबत चाचणीचे तास ठरवून दिलेले असतात. इंजिन आणि प्रोपेलर प्रमाणित जोडीचे असतील तर २५, नाहीतर ४०. आता तास न मोजता ठरलेल्या चाचण्या पुऱ्या करण्याचीही एक वाट आहे. त्याने २५ तासांची धरली. तोवर ठरलेल्या, विरळ वस्तीच्या हद्दीतच उडायचं आणि हौसेखातर कुणालाही बरोबर घ्यायचं नाही. सबंध नियमावलीत मला हा नियम सगळ्यात धार्मिक वाटतो. अपुऱ्या ज्ञानावर पाऊल टाकायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ते पाऊल स्वतःचं असेल तोवरच. आपल्या शंकेचं ओझं दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायचा हक्क कुणालाही नाही, त्याने हसत हसत मांडी पुढे केली तरी.

आईला शेजारच्या आसनावर बसायचं आहे आणि तिचा मुक्काम सहा महिन्यांचा आहे. ओहायोत हिवाळा लवकर येतो, ढग खाली उतरतात, तास भरत नाहीत. परवा मुलाने मला विचारलं, “काका, एकच फेरी, धावपट्टीभोवती, कुणाला कळणारही नाही.” मी नाही म्हटलं. तास भरले नाहीत तर ती न बसताच साताऱ्याला परत जाईल, आणि तेच बरोबर आहे.