तुपाच्या धारेचा हिशेब

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस घरी आला की स्वयंपाकघरातून पहिली हद्दपारी होते ती तुपाच्या भांड्याची. ‘तेल-तूप बंद’ हे सांगायला सोपे आणि ऐकणाऱ्याला चटकन पटणारे. ज्या चरबीपायी पोटावर सुरी फिरवून घ्यावी लागली, तीच पुन्हा ताटात कशाला, असा रोकडा हिशेब त्यामागे असतो. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, तेवढ्याच प्रथिनांतून ४, हे गणितही त्याच बाजूचे. तरी मला हा सल्ला अर्धाच वाटतो. शस्त्रक्रियेनंतर स्निग्ध पदार्थ मोजून खायचे असतात, आणि ते माप वजनकाट्याइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, पोटातली जोडणी कशी बदलली यावर ठरते. ‘बेरियाट्रिक झालंय’ एवढ्या दोन शब्दांत अगदी निराळी शरीरे एकाच पोत्यात भरली जातात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

मिसळीवरची तर्री पाहा. कितीही ढवळा, चमचा थांबला की तेल पुन्हा वर. पोटातही अडचण हीच असते. त्या तेलाचे बारीक थेंब करण्याचे काम यकृताकडून येणारे पित्त करते आणि ते थेंब स्वादुपिंडाचा रस पचवतो. दोघांची अन्नाशी गाठ पडते ती जठराच्या लगेच पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून एक नळी ठेवतात, पण ही गाठ जिथल्या तिथे राहते. त्यामुळे तूप पूर्वीसारखेच अंगी लागते. तक्रार असते ती बहुधा छातीत जळजळण्याची. बायपासमध्ये मात्र जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी उरते, अन्न आतड्याच्या पहिल्या टप्प्याला वळसा घालून उतरते आणि पित्त दुसऱ्या वाटेने येऊन त्याला खाली कुठेतरी भेटते. गाठ उशिरा पडली की तर्रीचा काही भाग न फुटताच पुढे सरकतो. लांब जोडणीच्या बायपासवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वी खाल्लेल्या स्निग्धांशापैकी सुमारे ९२ टक्के शोषले जात होते. १४ महिन्यांनी हा आकडा ६८ वर आला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. शरीराला मिळणारी ऊर्जा एकूण जितकी घटली, त्यातला जेमतेम ११ टक्के वाटा या गळतीचा होता. बाकी सगळे श्रेय कमी खाण्याचे.

इथे एक चतुर शंका निघते. चरबी अंगी लागतच नसेल तर खाऊ द्या की. जास्त खाल्ले तर पोट बिघडेल आणि माणूस आपोआप ताळ्यावर येईल. हा प्रयोग होऊन गेलेला आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी आतड्याचा मोठा भाग वळशात टाकणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिले. पुढे ती बरीच चालली, वजने उतरलीही. पण यकृते निकामी होऊ लागली, मुतखड्यांची रांग लागली आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. मुतखड्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. एरवी पालक, बीट, चहा यांतले ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियमला चिकटते आणि शौचावाटे निघून जाते. न पचलेली चरबी साचली की ती कॅल्शियमला आधी धरते, दोघांचा चक्क साबण होतो, आणि मोकळे सुटलेले ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडाशी जाऊन बसते. म्हणजे खडा मूत्रपिंडात आणि त्याचे मूळ तळणीच्या कढईत. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही चरबीच्या पाठीवर बसून प्रवास करतात. चरबी वाया गेली की तीही गेली. इटलीत जेनोवा इथे स्कोपिनारो यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत पित्त आणि अन्न एकत्र वाहण्यासाठी आतड्याचा शेवटचा जेमतेम ५० सेंटिमीटरचा तुकडा उरे. अशा रुग्णांत रातांधळेपणा आढळला आहे. तेलकट, फिकट, भांड्याला चिकटणारा, उग्र वासाचा मल ही म्हणूनच खादाडीची शिक्षा मानून गप्प बसण्याची बाब नाही, डॉक्टरांना सांगण्याची आहे. (कधी उपाय म्हणून स्वादुपिंडाच्या रसाच्या कॅप्सूल देतात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे शाकाहारी घरात आधी सांगितलेले बरे.)

मग उलट टोक गाठावे, थेंबही नको? त्यालाही पुरावा आडवा येतो. पित्ताशय आकुंचन पावते ते मुख्यतः चरबी आतड्यात उतरल्यावर. ती उतरलीच नाही तर पित्त साचून राहते, आणि भराभर वजन उतरताना त्यात कोलेस्टेरॉल वाढलेले असते, तेव्हा खडे धरायला वेळ लागत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपासनंतर सहा महिन्यांत, औषधाऐवजी नुसती गोळी घेणाऱ्या ३२ टक्के रुग्णांत पित्ताचे खडे दिसले. रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑल घेणाऱ्यांत २ टक्के. चरबीचा थेट संबंध इटलीतल्या एका छोट्या प्रयोगात दिसतो. अत्यंत कमी कॅलरींच्या आहारात रोज ३ ग्रॅम स्निग्धांश मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना खडे झाले, १२ ग्रॅम मिळालेल्यांपैकी कुणालाच नाही. हे लोक शस्त्रक्रिया झालेले नव्हते आणि होतेही मोजकेच, तेव्हा हा आकडा तसाच उचलून कुणाच्या ताटात वाढता येणार नाही. दिशा मात्र कळते. १२ ग्रॅम म्हणजे लहान चमच्याने अडीच-तीन चमचे तूप, तेही दिवसभरात वाटून. औषधाची जागा ते घेत नाही, पण शून्याचा आग्रह धरण्यात शहाणपण नाही एवढे नक्की. उगाच आळ येण्याचा प्रकारही होतोच. पुरणपोळीनंतर घाम फुटला, छाती धडधडली की खापर वरच्या तुपावर फुटते. खरा आरोपी बहुधा आतला गूळ असतो.

व्यवहारी माणूस म्हणेल, चारचौघांच्या घरात एकासाठी चमचे कोण मोजत बसणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर ‘बंद’ या शब्दात नाही. पाच लिटरचा तेलाचा डबा चौघांना महिना पुरत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल पडते, साधारण ३४० कॅलरी, आणि त्यातला थेंबही ताटात वेगळा दिसत नाही. तो भाजीत मुरलेला असतो, पराठ्याच्या पदरात, फरसाणात. उलट बिनफोडणीचे वरण आधी काढून ठेवले आणि त्यावर अर्धा चमचा तूप सोडले, तर तो अर्धा चमचा अर्धाच राहतो. घरातली सगळ्यांत सहज मोजता येणारी चरबी कोणती असेल तर ती हीच, वरून वाढलेली, आणि नेमकी तिलाच आपण आधी घालवतो. जीवनसत्त्वाची कॅप्सूलही त्या जेवणासोबत घेतलेली बरी, सकाळी कोऱ्या चहाबरोबर नव्हे. एरवी तुपाचे भांडे फडताळात बंद असते, आणि काकडीच्या कोशिंबिरीवर ‘प्रथिने मिळतील’ म्हणून दाण्याचे कूट मुठीने पडत असते. त्या कुटाच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो.