ताप उतरल्यावरचे दोन दिवस

डेंग्यूने एखादा पंचविशीतला मुलगा दगावला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही जा, अंत्ययात्रेतच निदान ठरतं: "इम्युनिटी नव्हती हो त्याला. बाहेरचं खायचा, जागरणं करायचा." दोष मेलेल्याच्या माथी मारला की जिवंत माणसं निर्धास्त होतात. आपण काढा घेतो, पहाटे चालायला जातो, आपल्याला काय धाड भरलीय!

हे बोलणं निर्दय आहे आणि चूकही आहे. डेंग्यू गंभीर होतो तो पुष्कळदा शरीराचा प्रतिकारच भरकटल्यामुळे.

या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापुरतं दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पुढे दुसरा प्रकार शिरला तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. उलट ज्या पेशींनी त्याला गिळून संपवायचं, त्यांच्याच आत ती त्याला पोचवतात आणि तिथे तो फोफावतो. स्कॉट हॉलस्टेड यांनी 1960च्या दशकात बँकॉकच्या मुलांचा अभ्यास करताना हे कोडं हेरलं होतं. फिलिपिन्समध्ये 2016 साली शाळकरी मुलांना डेंग्यूची लस टोचली गेली आणि नोव्हेंबर 2017मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनेच कबूल केलं, की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांचा पुढचा डेंग्यू लशीमुळे जास्त गंभीर होऊ शकतो. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सरसकट सल्ला देणाऱ्याने आधी सांगावं, कुठली वाढवू आणि कधी?

चवताळलेल्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं, रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. आणि हे घडतं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पुढचे 24 ते 48 तास धोक्याचे. तोवर रक्तातला विषाणू ओसरायला लागलेला असतो.

नेमका त्याच दिवशी आपला माणूस डबा घेऊन घराबाहेर पडतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला ठेकेदाराचा कामगार खाडा पडला की मजुरीला मुकतो. उल्हासनगरात नगावर जीन्स शिवणाऱ्याला रजा हा प्रकारच ठाऊक नाही. बदलापूरचा नोकरदार अंग गार लागलं की लोकलमध्ये शिरतो. पोटात सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, ही इस्पितळ गाठायची लक्षणं. ती "अशक्तपणा आहे" म्हणून गर्दीत ढकलली जातात. याला बेफिकिरी म्हणणाऱ्याने एकदा रोजंदारीवर महिना काढून दाखवावा.

मग येते सुई. "डॉक्टर, एक सुई मारा, उद्या ड्युटी आहे." त्या सुईत डायक्लोफेनॅक असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूच्या तापाला पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, एवढंच. स्टेरॉइडचा इथे फायदा सिद्ध झालेला नाही. कोविडमध्ये झाला होता, पण कोणाला? 16 जून 2020 रोजी जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तरीही साध्या तापाला लोकांनी ते घेतलं, आणि 2021च्या उन्हाळ्यात मधुमेहींमध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, त्यात स्टेरॉइडच्या अतिवापराचाही हात होता.

दुसऱ्या टोकाला काढा. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2020च्या अखेरीस गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं. पण घरोघरी चाललेलं हे औषध निर्धोकच आहे, हे कोणी तपासलं होतं? आणि प्लेटलेटसाठी रक्तपेढीबाहेर चाललेली ती धावाधाव! सिंगापूर आणि मलेशियातल्या चाचणीत, रक्तस्राव नसताना प्रौढांना प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. आकड्याशी झुंजण्यापेक्षा रक्त दाट होतंय का हे विचारा. सीबीसीच्या त्याच कागदावर ते लिहिलेलं असतं, पण तिकडे कोणी बघत नाही.

पाण्याचंही बोललं पाहिजे. बारवी धरण उशाला असून नळ बेभरवशाचे, म्हणून मोरीत, गच्चीवर पिंपं. डेंग्यू पसरवणारी एडिस डासीण पिंपाच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. पिंप नुसतं ओतून उपयोग नाही, ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. आठवड्यातून एकदा काथ्याने घासावंच लागतं. पण पिंपं भरून ठेवायची पाळी ज्यांनी आणली त्यांना कोणी दंड करत नाही, नोटीस चाळीलाच येते.

प्रत्येक सोसायटीने येत्या सभेत एक ठराव घ्यावा: डेंग्यू झालेल्या वॉचमनला, सफाई कामगाराला, घरकामाच्या ताईंना ताप उतरल्यावरचे दोन दिवस तरी भरपगारी रजा. तो मंजूर झाला की त्याची प्रत घेऊन एमआयडीसीतल्या ठेकेदारांकडे जावं.