हेतू नव्हता, मग जबाबदारी कुणाची?



काही नुकसान झाले की आपला पहिला प्रश्न असतो, ‘हे कुणी केले?’ करणारा सापडला की त्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण जे नुकसान कुणीच मुद्दाम केलेले नाही, ते कुणी निस्तरायचे? समुद्रातल्या एका छोट्याशा शिंपल्याने हा प्रश्न माणसापुढे ठेवला आहे.

मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरात पाणबुडे नौकांच्या एका गोदीची पाहणी करत होते. तिथे त्यांना नखाएवढा, काळ्या पट्ट्यांचा शिंपला आढळला. आपल्या शिनाण्यांप्रमाणेच तो लाकडाला, दोराला, नौकेच्या तळाला धाग्यांनी घट्ट चिकटतो. त्याचे मूळ घर कॅरिबियन समुद्राच्या बाजूला आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो दिसला नव्हता. आता काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये २०,००० हून अधिक शिंपले दाटीवाटीने बसले होते. परदेशातून आलेल्या एखाद्या नौकेच्या तळाला चिकटून तो आला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

हा पाहुणा आपल्यालाही अनोळखी नाही. १९६७ साली तो विशाखापट्टणमच्या बंदरात दिसला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. तो तिथून कधीच गेला नाही.

डार्विनमध्ये मात्र वेगळे घडले. तिथे भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो, म्हणून गोद्यांना दरवाजे आहेत. ते तातडीने बंद करण्यात आले. तिथून बाहेर पडलेल्या नौकांचा शोध घेऊन त्या तपासल्या गेल्या. तीन गोद्यांच्या पाण्यात क्लोरीनचे रसायन आणि मोरचूद ओतले गेले. साधारण महिनाभरात शिंपला नाहीसा झाला. खर्च आला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. त्या पाण्यातले इतर जीवही मेले.

आता विचार करू. यात दोष कुणाचा? शिंपल्याचा नाही. तो आपल्या स्वभावाप्रमाणे जगला आणि वाढला. नौकेच्या मालकाने तरी पाप केले का? धर्मशिक्षणात आपण शिकलो आहोत की गंभीर पापासाठी बाब गंभीर असावी लागते, पूर्ण जाणीव लागते आणि मनापासून संमतीही लागते. आपल्या नौकेच्या तळाखाली काय आहे, हे त्या माणसाला कदाचित माहीतही नसेल.

म्हणून दोषी कुणी नाही, असे म्हणून विषय मिटतो का? केरळमध्ये कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराकडे पाहा. तिथे तिसऱ्या काढून अनेक कुटुंबे पोट भरतात. त्यांनी त्या इतक्या काळजीने जपल्या होत्या की २०१४ साली त्या मासेमारीला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पण २०१८-१९ च्या सुमारास मध्य व दक्षिण अमेरिकेतला दुसराच एक शिंपला तिथे पसरल्याचे तज्ज्ञांच्या ध्यानात आले. त्याने तिसऱ्यांची आणि शिनाण्यांची जागा बळकावली. तिथल्या पाण्याला बंद करता येतील असे दरवाजे नाहीत आणि एवढ्या मोठ्या सरोवरात विष ओतणे कुणाच्या मनातही येऊ शकत नाही. कुणाच्या तरी नकळत झालेल्या गोष्टीची किंमत आज पाण्यात उतरून पोट भरणारे मोजत आहेत.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आठवा. वाटेवर पडलेल्या माणसाला त्याने जखमी केले नव्हते. याजकाने आणि लेव्यानेही केले नव्हते. पण ते दोघे पाहून पुढे गेले आणि हा थांबला. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोष करणाऱ्याकडे असतो. जबाबदारी मात्र ज्याला दिसते आणि ज्याच्या हातात काही असते, त्या प्रत्येकाकडे येते.

पूर्वी माहीत नव्हते, आता माहीत आहे. जहाजाचा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातूनही असे जीव हजारो मैल जातात, हे कळल्यावर २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. तो अमलात यायला २०१७ उजाडले. मधल्या तेरा वर्षांत जहाजे थांबली नव्हती. मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. अज्ञान क्षम्य असेल. कळूनही स्वस्थ बसणे हे अज्ञान नव्हे.

एक सावधगिरी मात्र बाळगू या. बाहेरून आलेल्या शिंपल्याची ही गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला लावण्याचा मोह होईल. तो टाळावा. माणूस कुठल्याही गावाचा, भाषेचा असो, तो देवाच्या प्रतिमेचा आहे. त्याच्याशी बोलता येते, त्याच्याबरोबर जगण्याची रीत ठरवता येते. शिंपल्याच्या बाबतीत प्रश्न आपल्या निष्काळजीपणाचा आहे.

आपल्यापैकी काहींच्या होड्या आहेत, काहींची मुले जहाजांवर नोकरीला आहेत. होडी दुसऱ्या बंदरात नेण्यापूर्वी तळ खरवडणे किंवा घरातल्या काचेच्या पेटीतले मासे कंटाळा आला म्हणून बावखलात न सोडणे, ही कामे लहान दिसतात. पण डार्विनमध्ये सहा महिन्यांत जे वाढले, त्यासाठी तीन गोद्यांतले जीव मारावे लागले. अष्टमुडीत तो उपायही उरला नाही. वेळेवर केलेले लहान काम ही शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे, मग तो शेजारी आपल्याला कधी भेटणार नसला तरी.

या आठवड्यात ‘हे कुणी केले?’ असे विचारण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, ‘हे मला दिसले आहे, आता माझ्या हातात काय आहे?’